रिकामं कोणी नाही

जेवणाच्या टेबलाभोवती एकही खुर्ची नव्हती. खांद्यावरची पर्स न उतरवताच ताईनं टेबलाला एक फेरी मारली आणि ती पुन्हा दारापाशी येऊन उभी राहिली.

“पॉलिशला गेल्यात,” ओट्याशी भाजी चिरणारी वहिनी मागे न बघता म्हणाली.

“सगळ्या एकदम?”

“सगळ्या एकदम. एक चकाकली आणि दुसरी मळकी राहिली तर घास गिळवत नाही, असं अण्णांचं म्हणणं.”

“मग जेवता कशावर?”

“हे पेटीवर बसतात. मी उभ्या उभ्या उरकते. अण्णांचं ताट खाली दुकानात जातं.” वहिनीची सुरी थांबली. “आणि आज म्हणे सगळ्यांनी एकत्र जेवायचं. कशावर बसून, ते विचारायची सोय नाही.”

ताई खिडकीशी गेली. काकांनी बांधलेला कापडी फलक गल्लीवर वाऱ्यानं फुगत होता. ‘आपल्या विभागात बेकारी घटली!’ आणि कोपऱ्यात काकांचा हसरा फोटो. फलकाची एक दोरी अण्णांच्या दुकानाच्या शटरवर, पाटीच्या कडीला बांधली होती आणि दुसरी समोरच्या छापखान्याच्या गजाला. छापखाना मागच्या वर्षी बंद पडला होता, पण गज अजून मजबूत होता.

तिनं आज यायला नको होतं. ज्या कचेरीतून बेकारीचा आकडा निघतो तिथल्या प्रश्न तयार करणाऱ्या शाखेची ती प्रमुख होती. या विभागात आपलं माहेर आहे, एवढं तिनं साहेबांना लेखी कळवलं होतं आणि इथलं काम दुसऱ्याच्या टेबलावर गेलं होतं. तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण अण्णांचा फोन आला. “अगं, मागे ती पाहणीवाली बाई आली होती ना, तिला मी ठणकावून सांगितलं, आमच्या घरात रिकामं कोणी नाही. मी दुकान चालवतो, मुलगा, आपला भुंगा, माझ्या हाताखाली, सून त्याच्या हाताखाली. आता खात्री करायला दुसरी येणार आहे, रविवारी. सगळे या. बघू दे तिला भरलेलं घर.” त्या फोननंतर ताईला कचेरीत एका जागी बसवेना. प्रत्येक आकडा तिला घरचा वाटू लागला.

“खरं सांगा ताई,” वहिनीनं ओल्या हातानं केस मागे सारले. “अण्णा जे बोलले ते ह्यांच्या बेकारी भत्त्याच्या ऑफिसात कळतं का?”

“नाही. आम्ही कुणाचं नाव कुणाला देत नाही. तसा कायदाच आहे.”

“मग घाबरायचं कशाला?”

“नाव जात नाही गं. आकडा जातो.” ताईनं बोट टेबलावर टेकवलं, मग उचललं. “आम्ही काही घरोघरी जात नाही. थोडी घरं निवडतो. हे एक घर जे सांगेल ते आजूबाजूच्या शेकडो घरांच्या वतीनं सांगितलं असं धरतात. इथला आकडा आधीच काठावर आहे. रेषेच्या खाली गेला की वाढीव भत्ता बंद. एकट्या भुंग्याचा नाही, सगळ्या विभागाचा.”

वहिनीनं थोडा विचार केला. “म्हणजे अण्णांनी एका फटक्यात शेकडो माणसं कामाला लावली.”

ताईला हसू फुटलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

“पगार मात्र एकालाही नाही,” वहिनी पुढे म्हणाली.

“नियमात पगार लागत नाही. घरच्या धंद्यात आठवड्यातून तासभर हात लावला, फुकट का होईना, तरी माणूस कामावर.”

“कुणी केला हो असला नियम?”

ताईनं अखेर पर्स टेबलावर ठेवली. “मी केला नाही. मी तो सोप्या भाषेत लिहिला.”

“सोपा आहे खरा,” वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता की नाही हे ताईला कळलं नाही. “मी इस्पितळाच्या धुलाईत चादरी पिळते, ते अण्णांनी सांगितलंच नाही. सुनेनं परक्यांच्या चादरी धुवाव्यात हे त्यांच्या जिभेवर येत नाही. पण हे घर माझ्या पगारावर आणि ह्यांच्या भत्त्यावर चालतंय, ताई. दुकानावर नाही. आज ती बाई ह्यांनाच विचारेल ना?”

“विचारेल. माणूस घरी असेल तर त्यालाच विचारायचं. मागच्या वेळी तो घरी नव्हता, म्हणून अण्णांचं उत्तर चाललं.”

“घरी कसे असतील? काम शोधायला गेले होते!” वहिनीनं चिरलेली भाजी कढईत लोटली. “पण आज सांगणार आहेत. परवा मला कबूल केलंय. आरशासमोर उभे राहून म्हणून पाहत होते, ‘मी बेकार आहे.’ दाढी करताना. दोनदा कापून घेतलं.”

•

खाली अण्णांच्या खुर्च्या-सोफे शिवायच्या दुकानात जुना रिवाज होता. बोलायला आलेल्या माणसाच्या हातात आधी पकड द्यायची आणि एक जुनी खुर्ची पुढे सरकवायची. रिकाम्या हातानं माणूस भांडतो, चालत्या हातानं नुसता बोलतो, असा अण्णांचा सिद्धांत होता. त्यामुळे या घरातल्या सगळ्या वाटाघाटी, लग्नाच्या बोलण्यांसकट, खिळे उपटत झाल्या होत्या. आईच्या आजाराचं अण्णांनी पोरांना सांगितलं तेव्हाही मध्ये एक फाटका सोफा होता.

भुंगा स्टुलावर बसून एका खुर्चीच्या बैठकीखालचे बारीक खिळे काढत होता. लहानपणी हात चालू असले की तो गुणगुणायचा, म्हणून हे नाव पडलं. पुढे कारखान्यात तो पाळीचा मुकादम झाला, हाताखालची माणसं त्याला साहेब म्हणू लागली, पण घराची पायरी चढली की तो पुन्हा भुंगा व्हायचा. त्या कारखान्यात बसगाड्यांची आसनं होत. साच्यात फोम ओतला, झाकण लावलं, आसन तयार. काथ्या आणि स्प्रिंगांवर हयात घालवलेले अण्णा त्या आसनांना ‘साबणाच्या वड्या’ म्हणत. वड्या स्वस्त होत्या, अण्णांची गिऱ्हाइकं कमी होत गेली, आणि मग तो कारखानाही बंद पडला. त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. भुंग्याचं गुणगुणणं नेमकं कधी थांबलं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“ती बाई आली की तू हीच खुर्ची पुढे घे,” अण्णा कापडाचा गठ्ठा या फळीवरून त्या फळीवर हलवत म्हणाले. सकाळपासून तो गठ्ठा तीनचार फळ्या फिरला होता. “मी कापड बेततो. सूनबाई मशीनवर. ताईला सुतळी धरायला देऊ.”

“ताई सरकारी अधिकारी आहे, अण्णा.”

“म्हणून सुतळी धरता येत नाही?”

दारात काका उभे होते. अण्णांचे हे धाकटे भाऊ कुठल्याही घोळक्यात अध्यक्षस्थान असल्यासारखे उभे राहत, म्हणून अण्णा त्यांना सभापती म्हणत. सत्तेतल्या पक्षात ते बरीच वर्षं सतरंज्या उचलत होते आणि आता कुठे त्यांना सतरंजीवर बसायला मिळण्याची वेळ आली होती.

“आज नीट बोल बरं का,” काका भुंग्याला म्हणाले. “मी वर शब्द दिलाय. आपल्या गल्लीत काही गडबड नाही म्हणून. समितीवर माझं नाव जवळजवळ नक्की आहे.”

“तुमच्या फलकाखालून मी रोज रोजगार कार्यालयात जातो, काका.”

“मग काय झालं? तेवढीच सावली!”

“सभापती,” अण्णा म्हणाले, “पकड घ्या हातात.”

काकांनी पकड घेतली, पण खिळ्याला लावली नाही. ते फोन कानाला लावून पुन्हा रस्त्यावर गेले. भुंग्यानं खुर्ची उलटी केली. आत्तापर्यंत निघालेले खिळे त्यानं तळहातावर घेतले. एकावरही गंज नव्हता. जुन्या खुर्चीतला खिळा असा निघत नाही. तो कुरकुरतो, डोकं टाकून देतो. हे खिळे लोण्यातून निघावे तसे निघत होते. बैठकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथे कापडाखाली कुणाला दिसत नाही तिथे, चाकूनं कोरलेलं एक वेडंवाकडं चित्र होतं. दोन पंख, एक गोल पोट. पंख जास्तच मोठे झाले होते. ते चित्र पाहून आई म्हणाली होती, अरे, हा उडणार कसा?

त्याला आठवलं, ही खुर्ची टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला असायची.

“कुणाची खुर्ची आहे ही?” त्यानं विचारलं.

“गिऱ्हाइकाची.”

“कुठल्या?”

“मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंची,” अण्णा गठ्ठ्यात डोकं घालून म्हणाले. “घाई आहे त्यांना.”

भुंग्यानं दुकानाच्या मागच्या बाजूला पाहिलं. चादरीखाली झाकलेल्या खुर्च्यांचे पाय दिसत होते. सगळे ओळखीचे. आठवडे न् आठवडे हेच चाललं असणार. उसवायचं, ठोकायचं, पुन्हा उसवायचं. वरून ऐकणाऱ्याला हातोडीचा आवाज येत राहिला पाहिजे. आरशासमोर घोटलेलं वाक्य त्याच्या तोंडातच विरघळलं. बापाच्या दुकानात बसून, बापाच्या देखत, मी बेकार आहे असं म्हणायचं म्हणजे पुढचा प्रश्न आपोआप बापाकडे जाणार.

त्यानं खुर्ची सरळ केली आणि पुढचा खिळा धरला.

•

वहिनी चहा घेऊन खाली आली तेव्हा मागोमाग ताईही होती. वहिनीनं कप वाटले. दुकानात टेकायला जागा नव्हती, म्हणून स्टुलावरचा भुंगा सोडून सगळ्यांनी उभ्यानंच फुर्र करून घोट घेतले.

“मी ठरवलंय,” भुंगा मान खाली घालूनच म्हणाला. “अण्णांनी सांगितलं तेच मी सांगणार. मी इथे काम करतो.”

“शाब्बास!” काका फोन खिशात घालत आत आले. “याला म्हणतात घराणं.”

अण्णांनी चहा संपवला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद असायला हवा होता. ते नुसते कपाच्या तळाशी पाहत राहिले.

“परवा काय बोलला होतात?” वहिनीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तिला ओळखणाऱ्यांना हे लक्षण माहीत होतं.

“परवाचं परवा.”

“बरं. काम करता ना? मग पगार आणा.”

“सूनबाई,” अण्णा म्हणाले, “घरच्या धंद्यात पगार नसतो. वाटा असतो.”

“कशात वाटा, अण्णा? खिळ्यांत?”

काकांनी मध्ये पडायचं म्हणून घसा खाकरला. “पोरी, असं बघ, आज जर तो बाईसमोर बेकार म्हणाला तर गल्लीत काय राहील?”

“गल्लीतले बाकीचे राहतील, काका. समोरच्या छापखान्यातले कामगार राहतील. ह्यांच्याबरोबर रांगेत उभे असतात ते. त्यांच्या चुली तुमच्या फलकावर पेटणार आहेत का?”

“ताई, तू सांग हिला.”

सगळे ताईकडे वळले. तिला वाटलं, आत्ता हातात पकड असती तर बरं झालं असतं.

“मला काही सांगता येणार नाही,” ती म्हणाली. “मी इथे आहे हेच चूक आहे.”

“तुमचा नियम आणि तुमचाच भाऊ,” वहिनी म्हणाली, “आणि तुम्हालाच सांगता येत नाही.” तिनं कप गोळा केले आणि भुंग्याला डोळ्यांनी जिन्याकडे बोलावलं.

जिना दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून होता आणि त्याचं एक दार मागच्या बोळात उघडायचं. मधल्या पातळ पडदीला टेकून रेक्झीनच्या गुंडाळ्या उभ्या केलेल्या होत्या. पायरीवर भुंगा बसला, वहिनी कप धरून उभी राहिली.

“ती मास्तरीणबाईंची खुर्ची नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “आपली आहे. माझं चित्र आहे आत. कामच नाहीये गं त्यांच्याकडे. घरच्याच खुर्च्या उसवतात आणि शिवतात.”

“मला माहीत आहे.”

“तुला?”

“रोज ताट घेऊन खाली येते मी. डोळे मिटून येते का?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर त्यांनी दिवसभर काय केलं असतं?” कप एकमेकांवर किणकिणले. तिनं ते पायरीवर ठेवून दिले. “मी पण उभ्यानं जेवलेच ना? एक शब्द काढला? पण ती बाई उद्या निघून जाईल. भत्ता गेला की तुम्ही काय कराल, खाली येऊन त्यांच्या शेजारी खुर्च्या उसवाल? एकानं उसवायच्या, एकानं ठोकायच्या?”

भुंग्यानं तोंडावरून हात फिरवला. “त्यांच्या तोंडून ते निघणार नाही. आणि मी बोललो तर त्यांचं उघडं पडेल. मला नाही जमणार.”

“आणि मला रागावताही येत नाही तुमच्यावर,” वहिनी म्हणाली. “तेच मेलं सगळ्यात वाईट.”

जिन्यातलं बोलणं दुकानात शब्द न् शब्द ऐकू येतं हे त्या घरात वाढलेला भुंगा त्या क्षणी विसरला. लहानपणी त्यानं आणि ताईनं याच पायरीवर बसून खालच्या कितीतरी गोष्टी ऐकल्या होत्या. ताईला ते आठवलं. ती रेक्झीनच्या गुंडाळ्यांकडे टक लावून उभी राहिली. अण्णांकडे बघायचं तिनं टाळलं. काकांचं लक्ष नव्हतं. ते दारात उभे राहून फलकाची सैल पडलेली दोरी शटरच्या कडीतून ओढून पक्की बांधत होते. अण्णा कापड बेतत होते. कात्री हातात होती, कापड समोर होतं, पण कात्रीचं तोंड मिटलेलं होतं.

•

पाहणीवाली मुलगी सर्दीनं बेजार होती. एका हातात टॅबलेट, दुसऱ्यात रुमाल. आत येऊन तिनं इकडेतिकडे पाहिलं. “बसू का कुठे?”

खुर्च्यांच्या दुकानात बसण्याजोगी एकही खुर्ची नव्हती. अण्णांनी स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. तेवढ्यात तिची नजर ताईवर पडली आणि ती अर्धवट बसलेली उठली. “मॅडम! तुम्ही? आमचं प्रशिक्षण तुम्हीच घेतलं होतं.”

“मी इथली लेक आहे,” ताई घाईनं म्हणाली. “पाहुणी. मला मोजू नका. आणि माझ्याकडे बघूही नका.”

मुलीनं मान डोलावली, शिंकली आणि भुंग्याकडे वळली. नाव, वय, शिक्षण. मग तिनं जरा थांबून, पढवल्यासारखं विचारलं, “गेल्या आठवड्यात तुम्ही निदान तासभर तरी काही काम केलंत का? घरच्या धंद्यात, बिनपगारी असलं तरी चालेल.”

भुंग्याच्या गुडघ्यांत ती खुर्ची होती. मशीनवर बसलेल्या वहिनीनं चाकावरचा हात काढून घेतला.

“हो,” भुंगा म्हणाला. “इथेच. खुर्च्यांचं…”

“नाही,” अण्णा म्हणाले.

आपला आवाज इतका साधा निघेल असं अण्णांना वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं काहीतरी मोडेल.

“अण्णा, त्यांनी त्याला विचारलंय,” काका म्हणाले.

“मागच्या वेळी मला विचारलं होतं, आणि मी खोटं सांगितलं. त्याचं मीच निस्तरतो.” अण्णांनी कात्री खाली ठेवली. हात रिकामे झाले, तसे ते एकमेकांत गुंतवले. “बाई, हा काम करत नाही. हा काम शोधतो. रोज शोधतो. तुमची पहिली बाई आली तेव्हाही हा शोधायलाच गेला होता. आणि ही माझी सून, ही इस्पितळाच्या धुलाईत जाते. चादरी धुते. तिच्यामुळे आम्ही जेवतो. तेही नीट लिहा.”

वहिनीनं मशीनच्या चाकाकडेच बघत राहायचं ठरवलं.

“पण आजोबा,” मुलगी गोंधळली, “आत्ता तर त्यांच्या हातात खुर्ची आहे.”

“ती आमच्या जेवणाच्या टेबलाची आहे. या सगळ्याच.” त्यांनी मागची चादर ओढली. “घरचीच खुर्ची उसवायची आणि पुन्हा शिवायची, याला तुमच्यात काम म्हणतात का?”

मुलीनं सवयीनं ताईकडे पाहिलं, चटकन मान फिरवली आणि बोटानं टॅबलेटवर काहीतरी शोधू लागली. ताईला ते कलम तोंडपाठ होतं. स्वतःच्या घरच्या वस्तूंची दुरुस्ती धंद्यात धरू नये. तिनंच तिथे उदाहरण म्हणून ‘गळका नळ’ घातला होता. तिनं ओठ घट्ट मिटून धरले.

“नाही म्हणत,” मुलगी अखेर म्हणाली. “हे बरोबर आहे. घरची दुरुस्ती धरत नाहीत.” तिनं भुंग्याला विचारलं, “काम शोधताय? मिळालं तर लगेच जाल?”

“आत्ता जाईन,” भुंगा म्हणाला. “हो. मी बेकार आहे.”

बोट फिरलं. टिक असा बारीक आवाज झाला.

“आता माझं लिहा,” अण्णा म्हणाले. “तेच. एक नाही, दोन लिहा.”

“अण्णा!” काका पुढे आले. “अहो, काय चाललंय? तुमची पाटी आहे बाहेर. वडिलांच्या वेळची!”

“पाटी आहे. गिऱ्हाईक नाही.”

“आत्ता तर मास्तरीणबाईंचं…”

“मास्तरीणबाई आल्या होत्या. कुलूपवाल्याचं दुकान कुठे, ते विचारायला.”

मुलीनं रुमाल नाकाला लावला. ती मनानं वाईट नव्हती आणि तिला आणखी पुष्कळ घरं करायची होती. “आजोबा, तुमचं तसं लिहिता येणार नाही. दुकान उघडं असेल तर दुकानदार कामावरच धरतात. गिऱ्हाईक नसलं तरी. काम तात्पुरतं थांबलंय असं म्हणायचं.”

“तात्पुरतं,” अण्णा म्हणाले. शब्दाची चव घ्यावी तसे म्हणाले. “आणि दुकान उघडं आहे हे कशावरून ठरवता?”

“शटर उघडं आहे ना.”

अण्णा कोपऱ्यात गेले. आकड्याची लांब काठी त्यांनी उचलली. ही काठी सकाळी हातात यायची आणि अंधार पडल्यावर. आई गेली त्या दिवशीही भर दुपारी ती कुणी उचलली नव्हती; शेजाऱ्यांनी सांगूनही अण्णांनी शटर उघडंच ठेवलं होतं. भुंगा उठला, पण जागेवरच राहिला. अण्णांनी आकडा कडीत अडकवला आणि ओढला. शटर वीतभर खाली आलं आणि अडलं.

“दोरी,” भुंगा म्हणाला. “फलकाची. कडीतून गेलीय.”

“थांबा, थांबा, मी सोडतो!” काका बाहेर धावले. पण गाठ त्यांनीच मारलेली होती, पक्की. ते बोटांनी ओढत राहिले. अण्णांनी मागे न बघता हात पसरला. त्या हातावर काय ठेवायचं हे भुंग्याला सांगावं लागलं नाही. त्यानं पकड दिली नाही, टेबलावरची कात्री दिली.

फलक एका बाजूनं खाली आला. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, एक सायकल खडखडत आडवी झाली. “अरे, माझा फोटो… बाजूला व्हा, पाय देऊ नका!” काकांचा आवाज गल्लीत लांब जात राहिला. मग शटर धडधडत जमिनीला टेकलं आणि दुकानात अंधार झाला.

कुणी दिवा लावला नाही. टॅबलेटच्या उजेडात मुलीचा चेहरा तेवढा निळसर दिसत होता. तिनं वर पाहिलं, या खेपेला सरळ ताईकडे, आणि ताईनं नजर चुकवली नाही. दोघींनाही एकच गोष्ट ठाऊक होती. पाहणी गेल्या आठवड्याची होती. गेल्या आठवड्यात हे शटर रोज उघडं होतं. आज खाली आलेलं शटर या आकड्यात बसत नव्हतं. पुढच्या फेरीत हे घर निवडलं जाईल की नाही, हेही कुणी सांगू शकत नव्हतं.

मुलीनं टॅबलेटवर कुठेतरी बोट टेकवलं. कुठे, ते ताईला दिसलं नाही. तिनं पाहायचा प्रयत्नही केला नाही.

“झालं?” अण्णांनी विचारलं.

“झालं, आजोबा.”

वहिनी मशीनवरून उठली. “ह्या वर घेऊन चला आता,” ती भुंग्याला म्हणाली. “भाजी गार होतेय.” त्यानं दोन खुर्च्या उचलल्या, ताईनं एक. न शिवलेली, नुसती चौकट उरलेली खुर्ची अण्णांनी स्वतः घेतली.

“ती राहू द्या, अण्णा. तिला बैठक नाही.”

“काठावर बसेन.”

तेवढ्यात बाहेरून शटरवर थापा पडल्या. “अण्णा! अहो अण्णा, उघडा! मी बाहेर राहिलो!” पत्रा सगळ्या दुकानभर घुमला. पुन्हा थापा. “काय चाललंय काय तुमचं?”

अण्णा खुर्ची हातात धरून अंधारात उभे होते. ते शटरच्या जवळ गेले, अगदी जवळ, म्हणजे मोठ्यानं बोलावं लागू नये.

“दुकान बंद आहे,” ते म्हणाले. “मागच्या जिन्यानं या.”